जर्मनीत घर लावायचंय? मग आधी भांडी बाजारात चला

खिशात एक लोहचुंबक ठेवा. फ्रिजच्या दाराला वणीच्या देवीचं नाहीतर गॅसवाल्याच्या जाहिरातीचं चिकटवलेलं असतं ना, तेवढंही पुरतं. मागे जर्मनीला निघालेल्या शेजारच्या मुलाला घेऊन मी नाशिकच्या रविवार कारंज्यावरून भांडी बाजारात शिरले, तेव्हा माझ्या पर्समध्ये तसलंच एक होतं. दुकानदाराने तीन लिटरचा कुकर पुढे केला. मी तो उलटा करून बुडाला चुंबक लावलं, ते घसरून काउंटरवर पडलं.

"ताई, ॲल्युमिनियम आहे, नाही धरायचं."

"म्हणूनच बघतेय. स्टीलचा दाखवा, सपाट बुडाचा."

दुसऱ्या कुकरला चुंबक टकदिशी बसलं. मुलगा ओशाळून इकडेतिकडे बघत होता. काकू आपली लाज काढतेय असं त्याला वाटत असावं. पण तिकडे गॅसची शेगडी मिळण्याची शक्यता फार कमी. असते ती काचेची विजेची शेगडी, आणि ती दोन जातींची. एक नुसती तापते, तिच्यावर सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं. दुसरी इंडक्शनची, तिला चुंबक धरणारंच भांडं लागतं. आपल्या नशिबी कुठली येणार हे इथे बसून कळत नाही, म्हणून दोन्हीवर चालेल असंच घ्यायचं. तवाही सपाट. मधे खोलगट, खालून फुगीर तवा त्या काचेवर भोवऱ्यासारखा फिरतो आणि पोळी मधेच करपते, कडेला कच्ची.

मी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. कंपनीने २०१५ साली दोन वर्षांसाठी जर्मनीतल्या श्टुटगार्टला पाठवलं, त्याची सात वर्षं झाली. आता इंदिरानगरला परत आले आहे आणि दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी पेढे घेऊन येतं आणि विचारतं, काकू, जाताना काय काय न्यायचं? ते पाच मिनिटांत सांगून होतं. पण पहिले दोन महिने मी रडकुंडीला आले होते, ते काही न्यायचं राहिलं म्हणून नाही. थंडीने नाही, भाषेनेही नाही. कामं उलट्या क्रमाने केली म्हणून. आधी पडदे, पलंग, स्वयंपाकघर यांच्या मागे धावले आणि कागद नंतर बघू म्हटलं. तिथे कागद आधी आणि पलंग नंतर. गादी जमिनीवर टाकून झोपता येतं, कागदाशिवाय पगारसुद्धा नीट हातात पडत नाही.

बॅगेचं एवढंच सांगते. साजूक तूप आणि पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तुपासाठी जीव टाकायचं कारणही नाही. तिकडे लोण्याची अडीचशे ग्रॅमची वडी कुठल्याही दुकानात मिळते, बिनमिठाचं असतं, मंद आचेवर कढवलं की उत्तम रवाळ तूप होतं. चिवडा न्या, गोडा मसाला न्या, मिक्सर न्या. वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे मिक्सर जळत नाही. फक्त आपली तीन पिनांची पिन तिथे बसत नाही. अर्थिंग असलेला ॲडॅप्टर इथूनच घ्या, दोन घ्या. मोबाइलच्या चार्जरची दोन बारीक गोल पिनांची पिन तशीच बसते.

रिकामं म्हणजे रिकामं

आपल्याकडे कॉलेज रोडला भाड्याने फ्लॅट घेतला तर निदान ओटा, सिंक, पंखे, ट्यूबलाइटी असतात. तिकडे बिनसामानाचं घर म्हणजे चार भिंती. माझ्या स्वयंपाकघरात एका भिंतीतून दोन नळाची तोंडं आली होती आणि खाली शेगडीच्या वायरीचा डबा. ओटा नाही, सिंक नाही, फडताळ नाही. जुना भाडेकरू सगळं उपटून घेऊन गेला होता, आणि तसं करणं तिथे अगदी रीतसर आहे. जाहिरात वाचताना स्वयंपाकघर बसवलेलं आहे का, हे एवढं एकच बघितलं तरी निम्मा ताप वाचतो. जुना भाडेकरू आपलं स्वयंपाकघर विकत द्यायला तयार असतो, ते घासाघीस करून घ्या. शेगडी जोडायला मात्र इलेक्ट्रिशियनच बोलवा, ती साध्या प्लगवर चालत नाही. तोवर एक छोटी प्लगवरची शेगडी आणि हा भांडी बाजारातला कुकर. मी सात आठवडे एवढ्यावर काढले. भांडी न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये घासत होते.

खोल्या मोजायची पद्धतही वेगळी. दोन खोल्यांचं घर म्हणजे आपलं वन बीएचके. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर ते मोजतच नाहीत. ५५ चौरस मीटर म्हणजे साधारण ५९० चौरस फूट. आणि भाडं दोन प्रकारचं लिहितात, थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या जागेचं. गरम म्हणजे त्यात हीटर, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई असे वरखर्च धरलेले. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा गरम भाड्यातही नसतं. हे वरखर्च अंदाजाने घेतलेले असतात आणि वर्षाचा हिशोब नंतर येतो. पहिल्या हिवाळ्यात मी हीटर पाचावर ठेवून खिडकी किलकिली उघडी ठेवायची, हवा हवी म्हणून. पुढच्या वर्षी जो फरक भरायचा कागद आला तो बघून मी दोन दिवस चहासुद्धा मोजून केला. हीटरच्या चकतीवरचा तीनचा आकडा म्हणजे साधारण वीस अंश. तीनवर ठेवा आणि अंगात स्वेटर घाला.

छताला दिवाही नसतो. खोलीच्या मधोमध तीन वायरी लोंबत असतात, टोकाला एक प्लास्टिकची ठोकळी. इथे वाढलेल्या माणसाचा हात सवयीने लाल वायर शोधतो, कारण आपल्याकडे लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. तिकडे आताच्या घरांत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. आणि खूप जुन्या इमारतीत लाल वायर चक्क अर्थिंगची असते! म्हणून रंगावर विसंबू नका, मेन बंद करा, टेस्टरने तपासा, नाहीतर जाणकाराला बोलवा. पहिल्या रात्रीसाठी बॅगेत एक टेबललॅम्प नाहीतर चांगली बॅटरी असू द्या. आणि शनिवारी संध्याकाळी घराचा ताबा घेऊ नका. रविवारी दुकानं बंद असतात, बल्ब मिळत नाही की दूध मिळत नाही. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, हे लक्षात ठेवा.

ताबा घेताना

घरमालक किंवा त्याचा माणूस किल्ल्या देतो तेव्हा एक कागद भरतात, त्याला यूबरगाबेप्रोटोकोल म्हणतात. घराची अवस्था कशी आहे ते त्यावर खोलीखोलीने लिहायचं. आपण नाशिककर भिडस्त. "असू दे हो, चालतंय," म्हणत मी सही केली. न्हाणीघरातल्या बेसिनला केसाएवढी चीर होती, ती मी पाहिलीही होती. पुढे ते घर सोडताना ती चीर माझ्या नावावर लागली आणि अनामत रकमेतून नव्या बेसिनचे पैसे कापले गेले. भांडायला माझ्याकडे कागद नव्हता. तेव्हा प्रत्येक नळ सोडा, फ्लश ओढा, खिडकीची गुंडाळणारी झडप वर-खाली करा, जमिनीवरचा ओरखडा दिसला की लिहायला लावा आणि फोटो काढा. विजेच्या मीटरचा आकडा आणि किल्ल्यांची संख्या त्याच कागदावर आली पाहिजे. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी घेता येते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. मला हे दुसऱ्या घराच्या वेळी कळलं. घर न दाखवता, "मी परदेशी आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल" असं कुणी म्हणालं, तर तो चोर. पुढे बोलूच नका.

त्याच दिवशी घरमालकाकडून आणखी एक कागद मागून घ्यायचा. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाशिकरोडचा प्लॅटफॉर्म संपेल पण हा शब्द संपत नाही. अर्थ एवढाच की हे माझ्या घरात राहायला आले आहेत. भाड्याचा करार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो. तो घेऊन चौदा दिवसांच्या आत पालिकेच्या कचेरीत नाव नोंदवायचं, त्या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. उशीर झाला तर कायद्यात एक हजार युरोपर्यंत दंड आहे. मोठ्या शहरांत चौदा दिवसांतली वेळच मिळत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. म्हणून राहायला जाण्याआधीच वेळ मागून ठेवा आणि मागितल्याचा पुरावा जपा.

ही नोंदणी झाली की अकरा आकडी करक्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला दिला नाही तर पगारावर सगळ्यात कडक वर्गाने, सहाव्या वर्गाने, कर कापतात. नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात हात तिथेच आखडलेला असतो.

आता माझी खरी फजिती

वर "पोस्टाने येतो" म्हटलंय ते परत वाचा. करक्रमांक पोस्टाने, बँकेचं कार्ड पोस्टाने, कार्डाचा पिन वेगळ्या दिवशी वेगळ्या पाकिटातून पोस्टाने. आणि तिकडे इमारतीत फ्लॅटला बहुधा नंबरच नसतो! आपल्याकडे "बी विंग, ३०४, अमुक मंदिराजवळ, तमुक डेअरीच्या वर" असं लिहिलं की पत्र येतं, आणि नाहीच सापडलं तर पोस्टमन फोन करतो. तिथला पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, पाकिटावरचं आडनाव बघतो, जुळलं तर टाकतो, नाही जुळलं तर परत पाठवतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. पाटी बदलायला इमारतीच्या माणसाला सांगितलं होतं आणि तो करेल म्हणून मी निवांत होते. तीन आठवड्यांत बँकेची दोन पाकिटं आणि करक्रमांक, सगळं परत गेलं. पिन नाही म्हणून कार्ड चालेना, इंटरनेटच्या करारासाठी खातं हवं, आणि इंटरनेट लावायला आलेला माणूस बेलवर माझं नाव न दिसल्याने खालूनच निघून गेला. पुढची तारीख साडेतीन आठवड्यांनंतरची.

शेवटी वहीचा कागद फाडला, मार्करने आडनाव लिहिलं आणि सेलोटेपने पेटीवर चिकटवलं. तिसऱ्या दिवसापासून पत्रं यायला लागली. तीन आठवड्यांचा घोळ, आणि उपाय दोन इंचांची सेलोटेप.

तेव्हा किल्ली हातात पडली की घरात दिवा लावण्याआधी खाली जाऊन पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटवा. पासपोर्टवर जसं स्पेलिंग आहे तसंच. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव असतं, ते त्यांना दुसरं नाव वाटतं, फारसं बिघडत नाही. पण नवराबायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा.

पोस्टाने एक पत्र असंही येईल जे खोटं वाटेल. घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरा, दरमहा १८.३६ युरो. मी ते फसवणूक समजून दोनदा फाडलं. खरं असतं ते. माणशी नाही, घरटी असते. दोघं-तिघं मिळून राहत असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणीचा क्रमांक कळवायचा.

विजेचं उलट आहे. तुम्ही काहीच केलं नाही तरी बटण दाबलं की दिवा लागतो, आणि त्या क्षणापासून तिथल्या मूळ वीज कंपनीचा करार तुमच्या नावाने सुरू होतो. तो सहसा महाग पडतो. दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येतो, पण चांगला दर हवा असेल तर राहायला जाण्याआधीच दुसरी कंपनी ठरवा. पूर्वी मागच्या तारखेपासून करार लावून घेता यायचा, २०२५ च्या जूनपासून ती सोय बंद झाली आहे.

दार, खिडकी, मोरी

दाराला बाहेरून मूठ असते, पण ती फिरत नाही. दार नुसतं ढकललं गेलं तरी बंद, आणि किल्ली आत राहिली तर तुम्ही बाहेर. डिसेंबरातला रविवार होता. कुकर लावून मी कचऱ्याची पिशवी घेऊन जिन्यात आले, मागून वाऱ्याने दार लागलं. पायात सपाता, अंगात गाऊन. आतून पहिली शिट्टी ऐकू आली. समोरच्या आजींचं दार वाजवलं, त्यांना माझं जर्मन कळेना, दुसरी शिट्टी झाली. तिसरीला त्यांनी विचारलं की आत ट्रेन आहे का. किल्लीवाला येईपर्यंत मी शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं होतं. त्याने प्लास्टिकचा एक पातळ तुकडा फटीत घालून अर्ध्या मिनिटात दार उघडलं आणि रविवारचे म्हणून १८० युरो मागितले. डाळीचा कोळसा झाला होता, कुकर वाचला. तेव्हापासून एक किल्ली आजींकडे असायची आणि दिवाळीत त्यांच्याकडे चकल्या जायच्या. किल्लीवाल्याला बोलवायची वेळ आलीच तर दार नुसतं लागलंय, कुलूप फिरवलेलं नाही, हे फोनवरच सांगा आणि पैसे आधी ठरवा. किल्ली हरवली तर आणखी वाईट. पुष्कळ इमारतींत एकच किल्ली खालच्या दाराला, तळघराला आणि घराला लागते, मग सगळ्यांची कुलपं बदलायचा खर्च तुमच्या गळ्यात. ते भरून देणारा दायित्व विमा मिळतो. तो घेताना भाड्याच्या घराची किल्ली त्यात धरली आहे का, एवढं विचारा.

खिडकीची मूठ खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे दारासारखी उघडी, वर म्हणजे नुसती वरून कललेली. अर्धवट फिरवली तर अख्खी काच एका कोपऱ्यावर लटकते आणि आता अंगावर येणार असं वाटतं. येत नाही. चौकट सरळ दाबून धरा, मूठ परत फिरवा. पण हिवाळ्यात खिडकी दिवसभर कललेली ठेवायची नाही. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. नाहीतर आपल्या वरण-भाताची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांनी कोपऱ्यात बुरशी धरते, आणि बुरशीचा वाद अनामत रकमेपर्यंत जातो. फोडणी घालताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. बोळात धुराची घंटा असते, मोहरी तडतडली की ती कोकलते.

न्हाणीघरात मोरी नसते. जमिनीला पाणी जायला भोकच नाही. बादली-तांब्याने आंघोळ करायची ती टबात उभं राहून, आणि फरशी धुवायला पाणी ओतायचं नाही, पिळलेल्या फडक्याने पुसायची. माझ्या आईने भेटीला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी दोन बादल्या ओतून न्हाणीघर लख्ख केलं. अर्ध्या तासात खालचे गृहस्थ वर.

शेजारधर्म

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची. ड्रिल, हातोडी, मिक्सरवर चटणी, काही नाही. काचेच्या बाटल्या रंग बघून वेगवेगळ्या पेटीत टाकायच्या, त्याही रविवारी नाही. निळी बाटली हिरव्यात जाते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती चुरगाळू नका, दुकानातल्या यंत्रात घाला आणि पैसे परत घ्या.

आणि श्टुटगार्टकडे जाणार असाल तर केअरवोखे. शब्दातच केर आहे बघा. वाड्यात जिना झाडायच्या पाळ्या असत, तसंच. तुमची पाळी आली की शेजारी तुमच्या दाराला एक पाटी अडकवतो. ती आठवडाभर लटकते, तुमचं झाडूनपुसून झालं की तुम्ही ती पुढच्या दाराला लावायची. न झाडता पाटी पुढे सरकवली तर कुणी भांडत नाही, फक्त जिन्यात तुमच्याशी बोलायचं बंद होतं.

कुकर घेऊन गेलेला तो मुलगाही तिकडेच आहे. परवा सकाळी त्याने फोटो पाठवला. बेलवर वहीच्या कागदावर आडनाव, वरून सेलोटेप. मी खूश होते न होते तोच दुसरा फोटो, दाराच्या मुठीला पाटी. खाली लिहिलं होतं, "काकू, आली. जिना कोरडा झाडू की ओला पुसू?"

मी लिहिलं, ओला पूस. आणि कठड्यावरून पण फडकं फिरव, ते हात लावून बघतात.